अपडेटनंतर हब वायफायवरून गायब? रिसेट मारायच्या आधी हे बघा

स्मार्ट होमचा हब, म्हणजे घरातले सेन्सर, बल्ब, प्लग ज्याला जोडलेले असतात तो डबा, ॲपमध्ये ऑफलाइन दिसायला लागला की सगळीकडून एकच सल्ला येतो, फॅक्टरी रिसेट मारा. कस्टमर केअर तेच सांगतं, सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तरी तेच. माझं म्हणणं असं की ते बटण अगदी शेवटी दाबायचं. रिसेट मारला की झिगबीचं (सेन्सर आणि बल्ब ज्या रेडिओवरून हबशी बोलतात त्याचं) अख्खं नेटवर्क पुसलं जातं, म्हणजे दाराचा सेन्सर, पॅसेजचा सेन्सर, बल्ब, प्लग एकेक करून परत जोडायचे, परत नावं द्यायची, सगळी ऑटोमेशन परत बनवायची, आणि एवढं करून मूळ भानगड राउटरच्या बाजूला असेल तर हब काही केल्या ऑनलाइन येतच नाही. आमच्याकडे अपडेटनंतर जे झालं त्याचं कारण इतकं बारीक होतं की दहा वेळा रिसेट मारूनही ते सापडलं नसतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, कुणाला तरी उपयोग होईल.

आधी घरात काय काय आहे ते सांगते. ठाण्यात फ्लॅट, सोसायटी दाटीवाटीची, आजूबाजूला वरखाली सगळीकडे वायफाय. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या रात्री उठल्या की पॅसेजचा दिवा आपोआप लागावा म्हणून मोशन सेन्सर लावला, तिथून हे सुरू झालं. मग मेन दाराला सेन्सर, किचनमध्ये गॅस लीकचा सेन्सर, गिझरला सोळा अँपिअरचा प्लग. या सगळ्यांचा मालक एक छोटा पांढरा डबा, तो हॉलमध्ये टीव्हीच्या मागे. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात असतो आणि त्या घरी एकट्या असतात, त्यामुळे हा डबा चालू असणं हे आमच्यासाठी महत्त्वाचं आहे.

तर त्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, गिझर लागलाच नाही वाटतं आज, पाणी गारच आहे." ॲप उघडलं तर वर लाल पट्टी, हब ऑफलाइन. खाली रात्रीचं नोटिफिकेशन, फर्मवेअर (हबच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट यशस्वी. हबवरचा एलईडी नारिंगी लुकलुकत होता. मी त्यांना विचारलं, "अहो आई, रात्री पॅसेजचा दिवा लागला होता का?" तर म्हणाल्या, "हो की, नेहमीसारखा." मी पण पॅसेजमध्ये जाऊन बघितलं, दिवा लगेच लागला.

इथेच अर्धं निदान झालं होतं. हबमध्ये दोन वेगळे रेडिओ असतात. एक झिगबीचा, तो सेन्सर आणि बल्बशी बोलतो. दुसरा वायफायचा, तो राउटरमार्फत कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो. पॅसेजच्या दिव्याचा नियम हबच्या आतच साठवलेला आहे, त्याला इंटरनेट लागत नाही. गिझरचं टाइमटेबल मात्र कंपनीच्या सर्व्हरवर चालतं, सर्व्हर वेळ झाली की हबला सांगतो आणि हब प्लगला. आता दिवा लागतोय म्हणजे नवीन फर्मवेअर नीट बूट झालंय, प्रोसेसर, मेमरी, झिगबी सगळं ठणठणीत आहे, बिघाड फक्त वायफायच्या बाजूला आहे. तुमच्याकडे असं झालं तर सगळ्यात आधी हेच तपासा, इंटरनेटशिवाय चालणारी एखादी गोष्ट अजून चालतेय का. चालत असेल तर रिसेट मारणं म्हणजे जे धड आहे तेच मोडणं.

आता ॲपमधल्या त्या ऑफलाइन शब्दाचं. ॲपला एवढंच माहिती असतं की सर्व्हरला हबकडून काही ऐकू आलेलं नाही. त्याच्या मागे तीन अगदी वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, हब वायफायला जोडलाच गेलेला नाही. दोन, जोडलाय पण त्याला धड आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळालेला नाही. तीन, आयपी मिळालाय, इंटरनेट पण आहे, पण सर्व्हरशी बोलणं जमत नाहीये. हे तीन वेगळे करायला राउटरचं पान उघडायचं, बहुतेक घरांत ते १९२.१६८.१.१ नाहीतर १९२.१६८.०.१ वर असतं, पासवर्ड राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या स्टिकरवर बघा. आत कनेक्टेड डिव्हाइसेसची यादी असते. हबच्या खाली छापलेला मॅक ॲड्रेस (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) त्या यादीत शोधायचा, नावावर जाऊ नका, नावं काहीबाही असतात.

यादीत हब असेल आणि आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ता दिलेलाच नाही, मग राउटरमध्ये डीएचसीपी (पत्ते वाटणारी सेटिंग) बघा, पत्त्यांची रेंज भरलीय का, एखाद्या उपकरणासाठी राखून ठेवलेला जुना पत्ता आडवा येतोय का. आयपी बरोबर असेल आणि तरी ऑफलाइन असेल तर मला पहिला संशय घड्याळाचा येतो. अशा बऱ्याच डब्यांत घड्याळासाठी वेगळी बॅटरी नसते, दर वेळी चालू झाल्यावर ते इंटरनेटवरून वेळ घेतात, आणि ती मिळाली नाही तर आत १९७० साल धरून बसतात, मग सर्व्हरचं सिक्युरिटी सर्टिफिकेट (सर्व्हर खरा असल्याचा ठरावीक मुदतीचा डिजिटल दाखला) त्यांना अवैध वाटतं आणि कनेक्शन तुटतं. सर्टिफिकेटचा घोळ उलट्या बाजूनेही होतो. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं, खूप ठिकाणी वापरलं जाणारं रूट सर्टिफिकेट, म्हणजे बाकीचे दाखले ज्याच्या भरवशावर असतात तो मूळ दाखला, संपलं तेव्हा फर्मवेअर न बदललेली कितीतरी जुनी उपकरणं नेट असूनही सर्व्हरशी बोलेनाशी झाली होती.

आमच्या यादीत हब नव्हताच. म्हणजे पहिला प्रकार, वायफायलाच जोडलेला नाही.

यानंतरची चाचणी मी सगळ्यांना सांगते, फुकट आहे आणि पाच मिनिटांत होते. राउटर बंद करायचा. मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करायचा, आणि त्याचं नाव आणि पासवर्ड घरच्या वायफायचं जे आहे तेच अक्षर न अक्षर द्यायचं, कॅपिटल स्मॉल सकट. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा वेगवेगळ्या रेडिओ पट्ट्यांवर चालतं, म्हणून अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ गिगाहर्ट्झ निवडायचा, आयफोनमध्ये मॅक्सिमाइझ कॉम्पॅटिबिलिटी चालू करायचं, कारण अशा हबना बहुतेक वेळा ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. मग हबचा प्लग काढून परत लावायचा. हबला वाटतं घरचंच वायफाय आलं.

मी लावला आणि थोड्याच वेळात नारिंगी लुकलुक थांबून दिवा स्थिर पांढरा झाला, ॲपमधली लाल पट्टी गेली. आता किती गोष्टी एका झटक्यात बाद झाल्या बघा. हबचं वायफाय चालतंय, अँटेना चालतोय, साठवलेला पासवर्ड बरोबर आहे, कंपनीचा सर्व्हर चालू आहे, माझं अकाउंट ठीक आहे. बिघाड फक्त माझा राउटर आणि हे नवीन फर्मवेअर या दोघांच्या मधला आहे.

याच दरम्यान मी कस्टमर केअरला फोन लावलेला, तिकडून "मॅडम, एकदा फॅक्टरी रिसेट करून बघा" हेच. त्या मुलीचा दोष नाही, तिच्या समोरच्या स्क्रीनवर तेच लिहिलेलं असणार. मी तिला म्हटलं की हॉटस्पॉटवर चालतोय, राउटरवर चालत नाही, हे नोंदवून घ्या, आणि तक्रार क्रमांक घेऊन ठेवला.

मग राउटर परत चालू केला आणि हॉटस्पॉट बंद. ॲपमध्ये ब्लूटूथवरून हबचं वायफाय बदलायचा पर्याय आहे, तो उघडला. हब आजूबाजूला जी नेटवर्क दिसतात त्यांची यादी देतो. त्या यादीत शेजारच्यांचं वायफाय होतं, वरच्या मजल्यावरचं होतं, समोरच्या बिल्डिंगमधलंही एक होतं, आणि आमचं नव्हतं! राउटर हबपासून चार हातांवर. मोबाईलवर आमचंच सिग्नल सगळ्यात स्ट्राँग. पासवर्ड चुकला असता तरी नाव तर दिसलं असतं ना. नावच दिसत नाही याचा अर्थ हब त्या जागेवर ऐकतच नाहीये.

जागा म्हणजे चॅनल. आता हे थोडं सांगावं लागेल. २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय पट्टा चॅनलमध्ये विभागलेला आहे, एकेका चॅनलचं केंद्र पाच पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर. भारतात २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून लायसन्सशिवाय वापरता येतो, त्यामुळे आपल्याकडे १ ते १३ चॅनल चालतात, युरोपातही १३ पर्यंत. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या उपकरणांत सहसा १ ते ११ एवढेच चालू ठेवलेले असतात. कोणते चॅनल ऐकायचे हे वायफाय चिपला देशाच्या कोडवरून कळतं, आणि तो कोड फर्मवेअरमध्ये असतो. मोबाईलला सिमवरून, टॉवरवरून कळतं आपण भारतात आहोत. भिंतीला लावलेल्या डब्याला सिम नाही, फर्मवेअर जे सांगेल तो त्याचा देश.

आमचा राउटर चॅनल १३ वर होता, मी मुद्दाम तिथे ठेवलेला. वायफाय ॲनालायझरमध्ये (कोणतं वायफाय कोणत्या चॅनलवर आहे ते दाखवणारं मोबाईल ॲप) बघितलं होतं तेव्हा आमच्या आसपासचे सगळे १, ६ आणि ११ वर एकमेकांच्या डोक्यावर बसलेले आणि १३ जवळजवळ रिकामा. जुन्या फर्मवेअरवर हब १३ वर बिनातक्रार चालत होता.

तरी थेट चॅनलवर उडी मारली नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा नियम पाळला, नाहीतर शेवटी कशामुळे सुटलं ते कळत नाही. आधी सिक्युरिटी बदलली. राउटरवर डब्ल्यूपीए (वायफायचं पासवर्ड संरक्षण) २ आणि ३ मिक्स्ड होतं, ते नुसतं डब्ल्यूपीए २ केलं, कारण जुन्या वळणाची उपकरणं मिक्स्ड मोडवर अडखळतात हे बऱ्याचदा दिसतं. काही फरक नाही, परत होतं तसं केलं. २.४ आणि ५ ची नावं आमच्याकडे आधीपासून वेगळी आहेत, पण तुमच्याकडे दोन्हीला एकच नाव असेल तर तात्पुरतं वेगळं करून बघा, तेही एक नेहमीचं कारण आहे. मग चॅनल १३ चा ६ केला, सेव्ह केलं, राउटर परत उठेपर्यंत थांबले. हब आपोआप जोडला गेला, मी त्याला हातही लावला नव्हता.

पण एकदा चालला म्हणजे सिद्ध झालं असं नाही, कदाचित राउटर रीस्टार्ट झाला म्हणूनही चालला असेल. म्हणून परत १३ केला. हब गेला. १२ केला, तरी नाही. ११ केला, लगेच आला. म्हणजे रेघ बरोबर ११ आणि १२ च्या मध्ये आहे. याच्यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणार नाही, या अपडेटनंतर आमचा हब ११ च्या पुढे ऐकत नाही. रिसेट मारला असता तर सगळे सेन्सर पुसले गेले असते, आणि नव्याने सेटअप करताना यादीत आमचं वायफाय तरीही दिसलं नसतं, मग पुढचा सल्ला आला असता की डबा खराब आहे, नवीन घ्या.

आता कोणता चॅनल कायम ठेवायचा? इथे घाई करू नका, कारण झिगबी पण याच २.४ च्या पट्ट्यात असतं. झिगबीचे चॅनल ११ ते २६, आकडे वायफायसारखेच वाटतात पण त्यांचा वायफायच्या आकड्यांशी काही संबंध नाही. वायफाय १ हा साधारण झिगबीच्या ११ ते १४ वर पसरतो, वायफाय ६ हा १६ ते १९ वर, वायफाय ११ हा २१ ते २४ वर. आमच्या हबच्या सेटिंगमध्ये झिगबी चॅनल २५ दाखवतं, त्याचं केंद्र २४७५ मेगाहर्ट्झ. आणि वायफाय १३ चं केंद्र २४७२! म्हणजे वायफायच्या दृष्टीने १३ रिकामा होता पण तो आमच्याच झिगबीच्या बरोबर अंगावर होता. मेन दाराचा सेन्सर मधूनमधून उशिरा मेसेज द्यायचा, बॅटरी बदलूनही द्यायचा, त्याचं कारण आता कळलं. वायफाय १ वर आणल्यापासून दार उघडलं की मेसेज त्याच क्षणाला येतो, जिन्यातून चपला काढायच्या आत.

चॅनल १ वर शेजारच्यांची गर्दी आहे हे खरं, पण हबला डेटा लागतो किती, अगदी चिमूटभर. टीव्ही, लॅपटॉप, आमचे मोबाईल सगळे ५ गिगाहर्ट्झवर आहेत, २.४ वर फक्त ही छोटी मंडळी. चॅनलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ करून टाकली, ४० ठेवली की एकटा राउटर अर्धा पट्टा अडवतो आणि झिगबीचीही अडचण होते. आणि चॅनल ऑटोवर ठेवू नका, हे महत्त्वाचं. लाईट गेली आली की राउटर नव्याने रिकामी जागा शोधतो, त्याला १२ किंवा १३ मोकळा दिसला तर तिथे जाऊन बसेल आणि तुमचा हब परत गायब, आणि तेव्हा कुणाच्या लक्षातही येणार नाही की मधे लाईट गेली होती. झिगबीचा चॅनल मात्र उगाच बदलू नका, बॅटरीवरचे सेन्सर झोपलेले असतात, ते नवीन चॅनलवर मागे येतीलच असं नाही, मग एकेक परत जोडत बसावं लागतं. हबला लॅन पोर्ट असेल तर सरळ केबल लावा, मग वायफायचा प्रश्नच मिटला. आमच्याला नाही.

कंपनीला मी सगळं लिहून पाठवलं. फर्मवेअरचा जुना आणि नवीन नंबर, राउटरचं मॉडेल, कोणत्या चॅनलवर दिसतो आणि कोणत्यावर नाही, हॉटस्पॉटचा निकाल, नेटवर्कच्या यादीचा स्क्रीनशॉट. ऑफलाइन झालाय, मदत करा, एवढंच लिहिलं तर उत्तर रिसेटचंच येतं. असं नेमकं लिहिलं की ते टेक्निकल टीमकडे जातं, आमचं गेलंय. मागणी साधी आहे, ॲपमध्ये देश निवडायची सोय द्या, आणि अपडेटनंतर हब ठरावीक वेळेत सर्व्हरशी बोलू शकला नाही तर त्याने आपोआप आधीच्या फर्मवेअरवर परत जावं. ही दुसरी गोष्ट काही अवघड नाही, राउटर आणि मोबाईल बनवणारे कित्येक वर्षं दोन फर्मवेअर शेजारी शेजारी ठेवतात, नवीन बिघडलं तर जुन्यावर परत.

आणि रात्री सगळे झोपलेले असताना न विचारता अपडेट करणं मला अजिबात पटत नाही. ज्या घरात म्हातारी माणसं आहेत, गॅसचा सेन्सर त्या हबवर आहे, तिथे आधी विचारा, दिवसा करा. हे वाचून कुणी अपडेटच बंद करून टाकू नका पण. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने घराघरातले कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारे डबे) कंपनीने दिलेल्या, न बदललेल्या पासवर्डवरून ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. घरातला प्रत्येक डबा इंटरनेटला जोडलेला कॉम्प्युटर आहे, त्याला सिक्युरिटी अपडेट लागतातच.

घरात दोन बदल केले. गिझरचं टाइमटेबल सर्व्हरवरून काढून हबमधल्या लोकल नियमात टाकलं, आमच्या हबमध्ये तो पर्याय होता, थोडा आत लपलेला. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेत इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर अचानक बंद झाले आणि लोकांच्या घरातले हब एका दिवसात मुके झाले, तेव्हापासून जे लोकल होऊ शकतं ते लोकलच असावं असं मला ठामपणे वाटतं. दुसरं, गॅसच्या सेन्सरला स्वतःचा बझर आहे, तो हबशिवाय वाजतो का हे हबचा प्लग काढून, सेन्सरवरचं टेस्टचं बटण दाबून बघितलं. वाजला. सासूबाईंना पण तो आवाज ऐकवून ठेवला, आणि वाजला की लाईटच्या कुठल्याच बटणाला हात न लावता खिडक्या उघडायच्या, सिलेंडरचा रेग्युलेटर बंद करायचा, हे परत एकदा सांगितलं. तुमच्या सेन्सरला बझर नसेल आणि तो फक्त मोबाईलवर मेसेज देत असेल तर आजच बझरवाला घ्या, यात वाट बघू नका.

ज्यांच्या घरी नेटवाल्याने दिलेला राउटर आहे आणि त्याची सेटिंग लॉक केलेली आहेत त्यांनी लाईनमनला बोलवायची गरज नाही, हे काम त्यांच्या ऑफिसातून रिमोटने होऊ शकतं. फोन करून एवढंच सांगायचं, २.४ चा चॅनल ऑटो काढून १ वर फिक्स करा आणि रुंदी २० ठेवा. तुमचा झिगबी चॅनल ११ ते १४ मधला असेल तर १ ऐवजी ११ सांगा. नेट स्लो आहे का, रिचार्ज संपलाय का असं विचारत राहतील, त्यांना नम्रपणे परत हेच वाक्य सांगा, आणि झाल्यावर ॲनालायझरमध्ये स्वतः बघून मगच फोन ठेवा.